कॅरिअर नको म्हणून

माझ्या सायकलचं कॅरिअर मीच काढलं आणि घरात सांगितलं की मोडलं. याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही, त्यामुळे हे सगळं कुणी कबुलीजबाब म्हणून वाचू नये.

दोन हजार सात-आठच्या सुमारास मी भिवंडीजवळच्या शेलार गावात नवी सून होते. माहेर कल्याणचं. नवऱ्याचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा छोटा कारखाना घराला चिकटून, इतका चिकटून की स्वयंपाकघराची मागची भिंत आणि शेडची पुढची भिंत एकच. सकाळी लूम चालू झाले की रात्रीपर्यंत खडखडखडखड. त्या घरात सगळे ओरडून बोलायचे. "मीठ कमी आहे" हेसुद्धा अशा आवाजात सांगितलं जायचं की नव्या माणसाला वाटावं, आता हिला माहेरी पाठवतात. पहिले काही महिने मला खरंच वाटायचं की या लोकांना मी आवडत नाही. मग एकदा दुपारी वीज गेली, लूम एकदम थांबले, आणि सासूबाई भरल्या घरात किंचाळल्या, "भात घे गो अजून!" तेव्हा मला कळलं की हे प्रेम आहे, फक्त आवाज लूमच्या मापाचा आहे.

मी जवळच्याच वडपे गावातल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला लागले होते. भावाने मोटारसायकल घेतली आणि त्याची गिअरची सायकल मला दिली. शेलार ते वडपे अर्धा तास आणि परत अर्धा तास, एवढा वेळ माझा एकटीचा असायचा. रस्त्यावर ट्रक होते, कंटेनर होते, खड्डे तर होतेच, पण त्यातलं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. कानांना सुट्टी मिळायची. मला तो वेळ फार प्रिय होता. दिवसभरात तेवढाच वेळ असा होता की त्यात मी कुणाची कोणी नव्हते.

आणि नेमका तोच सासूबाईंनी हेरला.

"मना बाजारान सोर," मला बाजारात सोड, असं म्हणून त्या एका सकाळी कॅरिअरवर बसल्या. आगरी पद्धतीचं गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, एका बाजूला पाय, एक हात माझ्या कमरेवर, आणि तोंड थेट माझ्या पाठीला लावलेलं. शेलार सुटल्यापासून भिवंडीचा बाजार येईपर्यंत त्या बोलत राहिल्या, आणि लूमच्या मापाच्या आवाजात बोलत राहिल्या. कुणाच्या लग्नात कुणी भांडण काढलं, कुणाची जाऊ कशी वागते, कुणाच्या शेतावर गोडाऊन झालं आणि आता तो कसा चालतो, सगळं. पुढचा मोटारसायकलवाला मान वळवून बघायचा. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पिणाऱ्या माणसांना आमच्या भावकीची खडान्‌खडा माहिती झाली. बाजारात त्या उतरायच्या, मी उलटी फिरून वडप्याला पोचायची, तोवर उशीर झालेला असायचा आणि सुपरवायझर दारात उभा असायचा.

हे आठवड्यातून एकदा झालं असतं तर मी गिळलं असतं. पण त्यांना रोजच बाजारात काही ना काही काम निघायला लागलं. मग त्यांचं बघून आळीतल्या बाकीच्यांना सुचलं. कुणाचं दळण गिरणीत टाकायचं, कुणाचं पोरगं शाळेत सोडायचं. माझी सायकल म्हणजे शेलारची एसटी झाली. शेवटी एका दुपारी मी शेडमधला पाना घेतला, चारही नट सोडवले आणि कॅरिअर लूमवरच्या चिंधीच्या गोणीत खुपसलं.

"आसा कसा मोडला?" सासूबाईंनी विचारलं.

"जुनं होतं, आई."

"हां," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

आता प्रश्न डब्याचा आला. डबा, पाण्याची बाटली, गोडाऊनचा निळा कोट आणि छत्री हे ठेवायचं कुठे? पाठीवर बॅग घेतली की पाठ घामाने निथळायची. पण आमच्या गोडाऊनमध्ये जगातली कसलीही खोकी येत असत. एकदा एक खोकं फुटलं आणि त्यातून एक रंगीत पुस्तिका बाहेर पडली. तिच्यात एक गोरा माणूस डोंगर चढत होता. त्याच्या सायकलला कॅरिअर नव्हतं. सीटच्या खालून मागे एक लांबट बॅग निघालेली, निमुळती, घट्ट, जणू सायकलचाच अवयव. मी ते पान घरी आणलं. कॅरिअरशिवाय माणूस डोंगर चढतो, मग मला वडपे का जमू नये?

ट्रकच्या फाटक्या ताडपत्रीचा तुकडा मिळवून मी मशीनवर तशी बॅग शिवली. दोन पट्टे सीटखालच्या तारांना, एक पट्टा सीटच्या दांड्याला. दिसायला अगदी पुस्तिकेतली. पहिल्या दिवशी मी ऐटीत निघाले, आणि वेशीपर्यंतसुद्धा ऐट टिकली नाही. मी उजवा पाय दाबला की बॅग डावीकडे जायची, डावा दाबला की उजवीकडे. जोरात पाय मारले की ती म्हशीच्या शेपटीसारखी दोन्हीकडे आपटायची आणि प्रत्येक फटक्याला सायकलचं मागचं चाक थोडं ओढून न्यायची. चढावर उभं राहून पेडल मारायची तर सोयच राहिली नाही. वडप्याला पोचले तेव्हा डब्यातलं बोंबलाचं कालवण कोटात मुरलेलं होतं. त्या दिवशी गोडाऊनमध्ये माझ्या आसपास कुणी फिरकलं नाही, मांजर सोडून.

घरी सगळ्यांनी इलाज सुचवले. नवऱ्याचा इलाज चिंधीचा होता. भिवंडीत नळ गळला, दार वाजलं, मन दुखावलं, कशावरही पहिला इलाज चिंधीच. त्याने चिंध्यांचा पीळ घालून दोर केला आणि बॅग सीटला अशी आवळली की तिला श्वास घेता येईना. बॅग कमी हालली, हे खरं. पण दुपारी जेवायच्या सुट्टीत ती सुटेना. लूमवाल्याने मारलेली गाठ ती, तुटेल पण सुटणार नाही. शेवटी खोकी फोडायच्या कटरने दोर कापून डबा बाहेर काढला, तोवर सुट्टी संपली होती.

नाक्यावरचा सायकलवाला उत्तर प्रदेशचा, बोलायला फार गोड. "भाभी, सीधी बात है. कॅरिअर लगा लो," असं म्हणाला.

"कॅरिअर नको. दुसरं काही सांगा."

"क्यूँ?"

"असंच."

त्याने खांदे उडवले आणि जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या काढून बॅगेला बांधल्या. रबर ते. आधी बॅग नुसती डोलायची, आता नाचायला लागली. खड्डा आला की वर जायची, खाली येताना डावीकडे जायची, आणि परत येताना मला पाठीत एक ठेवून द्यायची.

सासूबाईंनी इलाज सुचवला नाही. त्यांनी डबा वाढवला. आमच्याकडे एका माणसाचा डबा देतच नाहीत. "एकटीचा डबा देतान काय कोनी? संगातल्या बाया काय तुज्या तोंडाकडं बगतील?" हे त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं, त्यामुळे तांदळाच्या भाकऱ्यांची चळत आणि कालवण नेहमीच चारचौघींचं असायचं. पण कॅरिअर गेल्यापासून डबा दर दिवसाला जड व्हायला लागला. एकदा डब्याखाली अख्खा नारळ निघाला.

"नारळ कशाला, आई?"

"गोडावनच्या बायांना दे. घरचा हाय."

मला संशय आला, पण नारळावर काय आरोप करणार? आणि मग मी एका सुट्टीच्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. कोपऱ्यात, उन्हात, दोन विटांवर माझं कॅरिअर आडवं ठेवलेलं होतं आणि त्याच्या तारांवर मांदेली मासळी ओळीने सुकत होती. मी खाली आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"मोडलेला हाय ना?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "मंग वापरला."

दोघींनाही माहीत होतं की दोघींना माहीत आहे. त्या दिवशी जेवताना मला मांदेली जरा जास्तच वाढण्यात आली, आणि मीही ती मुकाट्याने चवीने खाल्ली.

हे असंच चाललं असतं, पण मी पडले. वडप्याच्या अलीकडे एक कंटेनर मागून आला, मी कडेला घेतलं, बॅगेने नेमका तेव्हाच झोका घेतला आणि मी सायकलसकट गटारात. गुडघा सोलवटला, कोपर सुजलं. नारळ मात्र शाबूत. संध्याकाळी नवऱ्याने लूम बंद केले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं, आणि साध्या आवाजात म्हणाला, "रविवारपर्यंत ती बॅग हालायची थांबली तर ठीक. न्हाय तर सोमवारी मी कॅरिअर लावनार."

"कंचा कॅरिअर?" सासूबाई निरागसपणे म्हणाल्या. "तो तर मोडला ना?"

मला त्या क्षणी इतका राग आला की गुडघ्याचं दुखणं विसरले. कॅरिअर लागलं की संपलं. पुन्हा बाजार, पुन्हा दळण, पुन्हा पाठीत तो आवाज. मला तेवढा अर्धा तास हवा होता आणि त्यासाठी मी आता काहीही करायला तयार होते.

मग मी दुसऱ्यांचे इलाज सोडले आणि माझ्या कामाकडे बघितलं. दिवसभर मी करते काय? ट्रकमध्ये माल हालू नये याची व्यवस्था. जड खोकी खाली आणि पुढे, हलकी वर आणि मागे, मध्ये पोकळी ठेवायची नाही, आणि वरून पट्टी आवळायची. मग माझ्याच बॅगेत मी डबा मागच्या टोकाला का ठेवत होते? काढायला सोपा म्हणून. म्हणजे सगळ्यात जड वस्तू सगळ्यात लांब लोंबकळत होती आणि मी बॅगेला शिव्या देत होते.

डबा पुढे आला, सीटच्या दांड्याला टेकून. छत्री आणि कोट मागे. राहिलेल्या फटींत चिंधी, नवऱ्याचा मान म्हणून. बॅगेचं तोंड गुंडाळून हवा काढली आणि गोडाऊनच्या प्लास्टिक पट्टीने आवळलं. सीटखालचे पट्टे जवळजवळ होते, ते जितके लांब जातील तितके लांब केले. बॅग निम्म्याने शांत झाली. पण शेपूट अजून हालत होतं, कारण बॅगेचा तळ मऊ होता. लूममध्ये आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका मारून पळवणारा एक लाकडी दांडा असतो, दिवसभर मार खाऊन न मोडणारा. शेडच्या अडगळीतले तसले दोन जुने दांडे मी तळाशी घातले. आता बॅग वाकेना. तरी चढावर ती अख्खीच्या अख्खी थोडी डोलायची. शनिवारी मी नवऱ्याला दोन लोखंडी सळया वाकवायला लावल्या, त्यांचं एक टोक बॅगेच्या शेपटाशी दांड्यांना बांधलं आणि दुसरं मागच्या चाकाच्या नटाला. मग मी बॅगेला हाताने ढकलून पाहिलं. सायकल हालली, बॅग हालली नाही.

नट आवळून घ्यायला सायकलवाल्याकडे गेले. त्याने वाकून खालून बघितलं, सळया चाचपल्या, आणि हसू दाबत म्हणाला, "भाभी, बुरा मत मानना. लेकिन इसको कॅरिअर बोलते हैं."

"ही बॅग आहे," मी म्हटलं. मला त्याचा राग आला. मी इतकी खूश होते की त्याच्या म्हणण्याचा विचार करायची मला गरज वाटली नाही.

रविवारी परीक्षा झाली. ती सासूबाईंनीच ठरवली. डब्याचा वरचा कप्पा त्यांनी कालवणाने काठोकाठ भरला, आणि झाकण मुद्दाम सैल लावलं. "गावाला एक फेरा मार. एक थेंब सांडला तर कॅरिअर." नवरा दारात उभा राहिला. मी निघाले. देवळापुढचा खड्डा घेतला, शाळेमागचा चढ उभं राहून चढले, उतारावर ब्रेक मारले. मागे वळून बघायची गरजच पडली नाही. परत आले, डबा काढला, झाकण उघडलं. कालवण काठोकाठ होतं. डब्याच्या बाहेरून मी बोट फिरवलं आणि कोरडं बोट सासूबाईंच्या नाकासमोर धरलं. असला उद्धटपणा मी त्या घरात पहिल्यांदाच केला आणि मला तो फार आवडला.

"हां," सासूबाई म्हणाल्या. त्या सायकलपाशी गेल्या. रिकामी झालेली जागा त्यांनी चिंधीने भरली, बॅगेवर हाताने दोनदा थापटलं, कोपराने जोर देऊन बघितलं. मग लुगडं सावरलं, एका बाजूला पाय केले आणि बॅगेवर बसल्या.

बॅग तसूभर हालली नाही.

"चल," त्या म्हणाल्या. "बाजारान सोर."

नवरा घाईघाईने शेडमध्ये निघून गेला. त्याचे खांदे हालताना मला दिसले. मी तशीच हँडल धरून उभी. आठवडाभर मी खपून, घाम गाळून, बोटं चेचून घेऊन कॅरिअर बनवलं होतं, तेही आधीपेक्षा मजबूत आणि वर गादी घातलेलं.

"आई, आज रविवार आहे. बाजारात काय आणायचंय?"

"काय न्हाय."

"मग?"

"रोज तरी काय आनत होते? कोथमीर. ती आपल्या शेडच्या पाठीमागं उगवते."

शेडमधून लूम चालू झाले. त्या आवाजावर चढून त्या माझ्या कानात ओरडल्या, "घरान मी बोललेला कोनाला ऐकू येतो काय गो? चालीस वर्सं ओरडतंय. लाइट गेली का सगली झोपतान. तुज्या पाठीशी बसले तवा पयल्यांदा वाटला, कोनीतरी ऐकतंय."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या जोडीला माझा अर्धा तास जाणार याचंही वाईट वाटलं, आणि दोन्ही सारखंच वाटलं. त्यामुळे मी तिथेच तह केला. आठवड्यातून फक्त रविवार, सोमवार ते शनिवार बॅगेवर कुणी बसायचं नाही. आणि रविवारीसुद्धा जाताना त्यांनी बोलायचं, येताना एक अक्षर नाही. येतानाचा रस्ता माझा.

"चालंल," त्या लगेच म्हणाल्या. एवढ्या लगेच मानल्या तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

निघालो. त्यांनी सुरुवात केली ती नेहमीच्या भावकीपासून, मी नेहमीप्रमाणे अर्ध्या कानाने ऐकत होते. नदी ओलांडली, बाजाराची गर्दी दिसायला लागली, आणि त्या सहज म्हणाल्या, "मी पन सायकल चालवलेली. सासऱ्याची. घरान कोनाला न सांगता. खारीच्या बांधावरून, पार खाडीपरत गेले एकटी. नि तिकरं बगते तर काय..."

"काय?"

"बाजार आला," त्या म्हणाल्या आणि उतरल्या. कोथिंबिरीची एक जुडी घेतली, पुन्हा बसल्या, आणि ओठ मिटले.

येताना त्यांनी शब्द पाळला. नदी पुन्हा ओलांडली तरी गप्प. मला हवी होती ती शांतता, पुरी माझी, आणि मी तिच्यात फक्त एकच विचार करत होते की खाडीवर काय होतं.

"आई, मग काय झालं?"

पाठीवर एक हलकी चापट, म्हणजे तह आठवतो ना.

"आई, सांगा ना. मी परवानगी देते."

आणखी एक चापट. मागे त्या हसत होत्या, ते मला त्यांच्या हाताच्या थरथरण्यावरून कळत होतं. शेलार जवळ आलं. अजून घर दिसत नव्हतं, पण खडखडाट ऐकू यायला लागला होता. आणखी थोडं पुढे गेलो की त्या काहीही बोलल्या तरी कुणाला, मलासुद्धा, ऐकू येणार नव्हतं.

मी ब्रेक दाबला, पाय टेकला, रस्ता मोकळा आहे हे बघितलं आणि सायकल उलटी फिरवून पुन्हा बाजाराकडे निघाले. जाताना त्यांनी बोलायचं, असंच ठरलं होतं.